इर्षेची सायकल आणि उसाची ट्रॉली

ताई,
मी ४९ वर्षांचा. शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आलीय, हला जरा. म्हणून गेअरची सायकल घेतली. रंकाळ्याला फेऱ्या मारता मारता एका ग्रुपची ओळख झाली. सगळी पोरं तिशीच्या आतली. दर रविवारी पहाटे पाचला पन्हाळा. मीही जायला लागलो. जानेवारीत शिवाजी पूल ओलांडून वडणगे फाट्याच्या पुढं, पोरांना गाठायला म्हणून जोरात निघालो. पुढं उसाची ट्रॉली आहे हे अगदी जवळ गेल्यावर कळलं. ब्रेक मारला, रस्त्यावर पाचट होतं, घसरलो. गळ्याजवळच्या हाडाला चीर गेली. आता पट्टा निघालाय, पण बायकोनं सायकलला कुलूप घालून किल्ली लपवलीय. "हे काय वय आहे का?" म्हणते. वर्कशॉपला सायकलनं गेलो तर गिऱ्हाईक विचारतं, "काय दादा, गाडी विकली?" सायकल सोडून देऊ का? एकदा सायकलनं नरसोबाच्या वाडीला जायचं मनात होतं. ते आता राहिलंच म्हणायचं का?
— एक वाचक, कोल्हापूर

दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वहिनींचा राग आला, दुसऱ्यांदा तुमचा.

ट्रॉली होती, अंधार होता, पाचट होतं, सगळं खरं. पण "पोरांना गाठायला म्हणून जोरात निघालो" हे तुम्हीच लिहिलंय, आणि सगळा अपघात त्या एका ओळीत आहे. पुण्या-मुंबईकडं इर्षा म्हटलं की लोकांना मत्सर वाटतो. आपल्याकडं इर्षा म्हणजे मागं न हटणं. तालमीच्या मातीत ती शोभते, शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच असली तर विचारूच नका. पण तिथं समोरच्याला ठाऊक असतं की आपण झुंजतोय. त्या ट्रॅक्टरवाल्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, मागून कोणीतरी इर्षेवर येतंय ते?

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सायकल सोडू नका. पहाटे पाचची वेळ सोडा, आणि सध्या तो ग्रुपही. पोरं वाईट आहेत असं नाही. त्यांचा दम आणि तुमचा दम यांचं गणित जुळत नाही, आणि मागं पडलं की तुमच्यातला पैलवान जागा होतो. पुढंमागं परत जायचं असेल तर एवढंच ठरवून जा, की गडावर चहाला भेटायचं, वाटेत कोणी कोणासाठी जोर लावायचा नाही.

आता वेळेचं. जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. पाचला निघायचं म्हणजे अख्खा चढ अंधारातच. त्यात तो गळिताचा हंगाम. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या जिल्ह्यातला कुठलाही रस्ता घ्या, रात्रभर ऊस वाहत असतो. या ट्रॉल्यांची एक गंमत आहे. मी बालिंग्याच्या बाजूला असताना कितीदा अनुभवलीय. ट्रॅक्टरवर लावलेलं गाणं अर्धा मैल आधीपासून ऐकू येतं, आणि ट्रॉली काही केल्या दिसत नाही. मागं दिवा नाही, असला तर चिखलानं माखलेला. एकामागं एक दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्ही अंगाला हात-हातभर बाहेर. जवळ गेलं की आधी ओल्या उसाचा वास येतो, मग पानांची सळसळ, आणि मग एकदम काळी भिंत. गाणं पुढच्या इंजिनावर वाजत असतं, त्यामुळं कानाला वाटतं अजून बरंच अंतर आहे. वाहनाची मागची बाजू त्या आवाजाच्या कितीतरी अलीकडं आलेली असते.

तुम्ही लेथवाले, तुम्हाला आकडा सांगितलेला बरा. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. डोळ्यानं बघून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद जातो. मग थांबायला आणखी पाच-सहा मीटर, तेही कोरड्या, स्वच्छ डांबरावर. तुमच्या हँडलवरचा लुकलुकणारा छोटा दिवा किती लांबचं दाखवतो? काहीच नाही. तो आपण इतरांना दिसावं म्हणून असतो. रस्ता बघायचा दिवा वेगळा, चांगल्या झोताचा, आणि त्याचा झोत थोडा खाली, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यावर येणार नाही. अंधारात जायची वेळ आलीच तर दोन्ही हवेत, मागं लाल हवा, आणि वेग झोत पोचतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच. मी स्वतः अंधारात गावाबाहेर जात नाही. उजाडल्यावर निघते, दहाच्या आत घरी येते. उशिरा उठल्याबद्दल आजवर कोणी हसलं नाही.

मागच्या लाल दिव्याइतकीच कामाची वस्तू म्हणजे रेडियमची पट्टी, आणि ती पाठीवर लावण्यापेक्षा घोट्याला बांधा. पायडल मारताना ती खालीवर होते. मागच्या ड्रायव्हरला खालीवर होणारी चमक दिसली की चटकन कळतं, पुढं सायकलवाला आहे. एका जागी स्थिर असलेली चमक मैलाच्या दगडाचीही असू शकते.

पाचट, ओला रस्ता, खडी यांवर पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस सरळ कुशीवर. तुमचं तेच झालं असणार. कोरड्या रस्त्यावर मात्र थांबवायचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो, म्हणून त्याला भिऊन नुसता मागचाच वापरायचा असंही करू नका. कुठला हात कुठल्या चाकाचा हे सायकल उभी असताना बघून घ्या. मग एखाद्या मोकळ्या मैदानात दहा-बारा वेळा जोरात येऊन थांबायचा सराव करा, वजन थोडं मागं नेऊन, दोन्ही ब्रेक सोबत. आपण गाडी शिकताना ब्रेक शिकतो, सायकलला कोणी शिकवत नाही. आमच्या लहानपणी तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो, आणि ब्रेक म्हणजे चप्पल.

ट्रॉलीला सायकलनं ओव्हरटेक करायचं नाही. समोरून येणारं दिसत नाही, शेंडे अंगाला लागतात, आणि चढाला तुमचा वेग तिच्याएवढाच असतो, म्हणजे तुम्ही तिच्या बगलेत अडकून राहता. तिच्या मागं चिकटूनही जायचं नाही. एखादी मोळी सुटली तर अंगावर, आणि मागच्या मोटारीला ट्रॉलीआडचे तुम्ही दिसत नाही. दोन मिनिटं कडेला थांबा, पाणी प्या, जाऊ दे तिला. ट्रॉलीची साखळी धरून चढ चढणारी पोरंही बघितलीत मी, त्यांच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

गावातलं सायकल चालवणं वेगळं, आणि खरं सांगायचं तर मला तेच अवघड वाटतं. चार वर्षांपूर्वी राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यानं भाजी घेऊन येत होते. उभ्या असलेल्या मोटारींच्या अगदी कडेनं, शहाण्यासारखी, कोणाच्या वाटेत नको म्हणून. एका मोटारीचं दार उघडलं. हँडल दाराला, मी रस्त्यावर, गवारी सगळीकडं. मागून केएमटीची सिटी बस येत होती, तिचा ड्रायव्हर सावध होता म्हणून आज हे लिहितेय. दार उघडणारा खाली उतरून म्हणाला, "ताई, बघून चालवायचं की." त्या दिवसापासून उभ्या गाडीपासून हातभर नव्हे, दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवून जाते. मागचा हॉर्न मारतो. मारू दे. हॉर्न मारतोय म्हणजे त्यानं मला बघितलंय.

हीच गोष्ट रस्त्याच्या डाव्या कडेची. अगदी कडेला चिकटून गेलं की सुरक्षित, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पण कडेला गटाराची जाळी असते, वाळू असते, डांबराची तुटलेली कड असते, आणि राँग साईडनं येणारा दुचाकीवाला हमखास तिथूनच येतो. शिवाय तुम्ही फार कडेला गेलात की मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसू. कडेपासून साधारण मीटरभर आत, सरळ रेषेत चाला. खड्डा आला की ऐनवेळी उजवीकडं झोका घेऊ नका. लांबून बघा, मान वळवून मागं बघा, हात दाखवा, मग सरका. मागच्या माणसाला तुमचं पुढचं पाऊल आधी कळलं पाहिजे, बाकी सगळे नियम यातूनच निघतात. हँडलला छोटा आरसा लावला तर मान वळवायचे कष्ट निम्मे होतात. कानात गाणी मात्र नकोत, दोन्ही कान मागच्या रस्त्याला लागतात.

आणि बस किंवा ट्रक सिग्नलला उभा असेल तर डाव्या बाजूनं पुढं घुसू नका. तो डावीकडं वळला तर ड्रायव्हरला तुम्ही आरशातही दिसत नाही. स्टॉपवर बस थांबली की तिच्या मागं थांबा. वर्कशॉप दोन मिनिटं उशिरा उघडलं तर लेथ कुठं पळून जात नाही.

कुत्र्यांचं तुम्ही विचारलं नाही, पण वाडीच्या वाटेवर भेटतील. पळालात की त्यांना चेव येतो. वेग कमी करा, जमलं तर उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवून चालत चला. बहुतेक कुत्र्यांचा उत्साह चालणाऱ्या माणसापाशी संपतो.

गिऱ्हाइकाच्या "गाडी विकली?" ला काय उत्तर द्यायचं? मला विचाराल तर उत्तर द्यायचंच नाही. सायकल वर्कशॉपच्या दारात, सगळ्यांना दिसेल अशी, तेल-पाणी केलेली, चकचकीत उभी करा. उद्यमनगरातल्या माणसाची सायकल कुरकुरत आली तर मात्र मी गिऱ्हाईक म्हणून काम दुसरीकडं नेईन. चेन पुसून थेंब-थेंब तेल, तेही जास्तीचं कापडानं टिपून. टायरच्या कडेवर हवेचा आकडा छापलेला असतो, त्याच्या आत राहा. सीटची उंची अशी, की पायडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. नवशिक्यांची सीट नेहमी खाली असते, म्हणून गुडघे दुखतात आणि दोष वयाला जातो. एवढं पुरे, बाकी यंत्राचं मी तुम्हाला काय सांगू.

पडल्यावर त्या दिवशी तुम्ही काय केलंत हे पत्रात नाही, म्हणून थोडं त्याबद्दल. खिशात एक चिठ्ठी असू दे. नाव, रक्तगट, घरचा नंबर, आणि साखरेची गोळी चालू असेल तर तिचं नाव. गोळी असेल तर उपाशीपोटी निघू नका, आणि खिशात गुळाचा खडा ठेवा. कोल्हापूरकराला तो कुठं मिळतो हे सांगावं लागणार नाही. अॅम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२. रस्त्यावर पडलेल्याला उचलणाऱ्या माणसाला पोलीस त्रास देतील ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे तुमच्या ग्रुपमधल्या पोरांनाही सांगा. एखाद्या मोटारीनं किंवा ट्रकनं धडक दिली तर नंबर टिपा, तक्रार द्या. त्यांच्या थर्ड पार्टी विम्यातून सायकलवाल्यालाही भरपाई मागता येते, त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. "सायकलला कुठला विमा" म्हणून लोक सोडून देतात, पण विमा धडकणाऱ्या गाडीचा असतो. आणि हेल्मेट. भुवईच्या दोन बोटं वर बसलेलं, पट्टा आवळलेला. हँडलला अडकवलेलं हेल्मेट हँडललाच वाचवतं.

पन्हाळ्याचं म्हणाल तर गड कुठं जात नाही. जेमतेम वीसेक किलोमीटर. वाघबीळपासून चढाला हलका गेअर, बोलता येईल एवढ्याच दमानं. पण मला भीती उतरायची वाटते. वर चढून गेल्याच्या आनंदात माणूस खाली सुटतो. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. सतत दाबून धरायचा नाही, दाबा-सोडा करत यायचं, म्हणजे रिम तापत नाही. समोरून जीप आपल्या अर्ध्या रस्त्यात येणार हे गृहीत धरूनच वळायचं. पण हे सगळं हाडांच्या डॉक्टरांनी मोकळं केल्यावर. पट्टा निघाला म्हणजे हाड भरलं असं नाही. त्यांना सरळ विचारा, हँडलवर भार कधीपासून टाकू.

आता वाडी. यासाठी खरं म्हणजे तुमचं पत्र निवडलं.

पहिले दोन-तीन रविवार फक्त प्रयाग चिखलीपर्यंत जा. वडणग्याच्या बाजूला, गावापासून अगदी जवळ. तिथं कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात आणि तिथून पुढं तिला पंचगंगा म्हणायचं. घाटावर पाच मिनिटं बसा आणि परत या. जाताना तो वडणगे फाटा लागेल, जिथं पडलात. उजेडात एकदा नीट बघून घ्या तो.

तीच पंचगंगा खाली वाडीला कृष्णेला मिळते. जिथं सुरू होते ते बघितलं, आता जिथं संपते तिथं जायचं. हे मला गडाच्या टायमिंगपेक्षा फार बरं वाटतं. सांगली रस्त्यानं जाऊ नका, वाहनं फार आहेत. हुपरी, इचलकरंजी, कुरुंदवाड करत गेलात तर पन्नासेक किलोमीटर भरतात. रस्ता जवळजवळ सपाट. ताशी पंधरानं साडेतीन तास पायडल आणि वर दीड तास थांबायला धरा. सामान पाठीवर घेऊ नका, कॅरिअरला बांधा, पाठ घामानं आणि खांदा ओझ्यानं जातो, आणि तुमचा खांदा आत्ताच बरा झालाय. सामान म्हणजे एक जोडी कपडे, एक जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, अॅलन की, पंक्चरचं सामान. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी घोटभर पाणी. हुपरीत चांदीच्या दुकानांपुढं रेंगाळू नका, वहिनींना काय नेऊ या विचारात उन्हं वर येतील.

पावसाळ्यात नको. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याला पाठ आहे. पण आडरस्त्यावरचे बंधारे त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. पाण्याखालच्या रस्त्यात सायकल घालायची नाही, ते घोट्याएवढं दिसलं तरी. वाडीला तर दक्षिणद्वार सोहळ्याच्या दिवसात नदीच देवळात येते. दिवाळी झाल्यावर, थंडी सुरू होताना जा. ट्रॉल्या तेव्हाही असतील, म्हणून निघायचं उजाडल्यावरच. आणि पौर्णिमा, दत्तजयंती टाळा. त्या गर्दीत सायकल कुठं लावायची हाच प्रश्न होतो.

वहिनींकडं किल्ली मागू नका. गेल्या जानेवारीच्या रविवारी त्यांना फोन आला असेल, अनोळखी नंबरवरून, "तुमचे मिस्टर पडलेत" म्हणून. त्या फोनवर त्यांनी कुलूप घातलंय, सायकलवर नाही. निघताना कुठल्या रस्त्यानं जाणार, किती वाजता परतणार हे सांगत चला, पोचल्यावर फोन करा, आणि सांगितलेल्या वेळेत या. दोन महिने हे जमलं की किल्ली आपोआप खुंटीवर दिसेल.

मग वाडीचं विचारा. तुम्ही शनिवारी सकाळी सायकलनं निघा, त्या एसटीनं येऊ देत. बायकांना अर्धं तिकीट आहे. तुम्ही घामाघूम होऊन पोचाल तोवर त्यांचं दर्शन झालेलं असेल आणि घाटावर बसून त्या वाट बघत असतील. रात्री तिथंच राहा, रविवारी सकाळी तुम्ही सायकलनं, त्या एसटीनं. सायकल नको वाटली तर दुसऱ्या दिवशी टेंपोत टाकून या, कोणी विचारणार नाही.

आणि वाडीची बासुंदी दोघांत एकच वाटी. साखर काठावर आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

तुमची,
ताई